तोफूतला खिमा

मीरा रोडला राहणाऱ्याला शेजवान कुणी शिकवावं लागत नाही. संध्याकाळी स्टेशनबाहेर पडलं की चायनीजच्या गाड्यांवर भडकलेल्या आचेवर कढया चढलेल्या असतात. भाईंदरला तर बिनलसणाचं जैन शेजवानही मिळतं. सुकी मिरची, सोया सॉस, व्हिनेगरची ही चटणी आपली आवडीची, पण तिच्या भरवशावर चीनच्या सिचुआन प्रांताचं खरं जेवण देणाऱ्या रेस्तराँमध्ये ऑर्डर देऊ नका.

हे कळकळीनं सांगते, कारण अंधेरीच्या एका रेस्तराँमध्ये आमच्यासोबत मावशी होती. मावशी माळकरी. 'मापो तोफू' व्हेज आहे ना, असं आम्ही वेटरला विचारलं. "हो, तोफूच आहे," तो म्हणाला. लाल तेलात पांढऱ्या वड्या आणि त्यांना चिकटलेले बारीक तपकिरी कण. मावशीनं एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "हे काय गं लागतंय दाताखाली?" तो खिमा होता. ती उठून चूळ भरून आली आणि नंतर नुसता भात चिवडत बसली. बिलातून पैसे वजा झाले, पण तिच्या जिवाला जे लागलं ते कशानं भरून निघणार?

मापो तोफूत मूळ पद्धतीनं गोमांसाचा किंवा डुकराचा खिमा पडतो. कोरड्या परतलेल्या फरसबीतही बहुतेकदा खिमा असतो. 'माशाच्या चवीचं वांगं' यात मासा नसतो, पण खिमा असू शकतो. म्हणून "व्हेज आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. खिमा घालता का, रस्सा चिकनच्या पाण्यात केलाय का, हे स्पष्ट विचारा आणि वेटर चाचरला तर आत शेफला विचारून यायला सांगा. कुंग पाओमध्ये शेंगदाणे असतात, ज्यांना चालत नाहीत त्यांनी तेही आधीच सांगावं.

दुसरी भीती जीभ बधिर होण्याची. सिचुआनची मिरी आपल्या तिरफळाच्याच कुळातली. बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ आपण जसं ताटाच्या कडेला काढतो, तशी ही मिरीही बाजूला सारावी. ओठांना झिणझिण्या येतात. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांना ही थरथर सेकंदाला सुमारे ५० कंपनांची आढळली. थोड्या वेळात ती उतरते. मात्र ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास अडला तर ते मिरीचं काम समजून बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

सुक्या मिरच्यांच्या ढिगाऱ्यात चिकनचे तुकडे येतात, तेव्हा तुकडे वेचून खायचे, मिरच्या तशाच ठेवायच्या. एखादा बिनतिखट पदार्थही मागवा. सिचुआनमध्ये असे पदार्थ भरपूर आहेत. आणि साधा पांढरा भात सुरुवातीलाच सांगून ठेवा. तोंड पोळल्यावर पाण्यापेक्षा तोच उपयोगी पडतो, आणि गर्दीच्या वेळी तोच शेवटी येतो.