दम आधी येतो, हाडं मागून

पळायला लागून दोन-अडीच महिने झाले की एक सकाळ अशी येते की दम लागतच नाही. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर रोज शालिनी पॅलेसच्या अलीकडे धाप लागून चालावं लागायचं, ती जागा त्या दिवशी मागे पडते आणि ध्यानातही येत नाही. शेजारून पळणाऱ्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यांत बोलणं चाललेलं असतं. श्वास आणि पावलं यांचं आपोआप जमलेलं असतं. आपण फिरायला आलेल्यांतले नाही, पळणाऱ्यांतले आहोत, असं मनात पक्कं बसतं.

माझ्या बाबतीत ही सकाळ आली तेव्हा माझीच एक जुनी विद्यार्थिनी मागून पळत आली. पोलीस भरतीची तयारी करत होती. "मॅडम, तुम्ही पण?" असं विचारेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "मॅडम, किती राउंड झाले?" एका पळणारीनं दुसरीला विचारावा तसा प्रश्न. चाळिशी ओलांडलेल्या, शाळा आणि घर सांभाळून पहाटे बाहेर पडणाऱ्या बाईला त्या चार शब्दांनी काय मिळालं ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. कुठल्याही मॅरेथॉनचं पदक पुढे मला तेवढं देऊ शकलं नाही.

ही सकाळ मोलाचीच आहे, तिचा आनंद पोटभर घ्यावा. पण त्यानंतरचे तीन-चार आठवडे पायांसाठी सगळ्यात धोक्याचे असतात, आणि नेमकं हेच नव्या माणसाला कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

पळणं सुरू केलं की हृदय आणि श्वास यांची क्षमता काही आठवड्यांतच सुधारते. स्नायूही लवकर साथ देतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा मात्र फार सावकाश घट्ट होतात, कारण त्यांना रक्तपुरवठाच कमी. आणि हाडांचं तर वेगळंच आहे. हाडावर नवा ताण पडू लागला की शरीर आधी तिथला जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथं नवं, जास्त मजबूत हाड भरतं. काढायचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र महिने लागतात. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा थोडं कमजोर असतं. उकरलेला रस्ता पुन्हा भरून होईपर्यंत त्यावरून जड गाडी न्यायची नसते, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे. अडचण अशी की दम वाढल्याचा आनंद आणि हाड कमजोर असण्याचा काळ बहुधा एकत्रच येतात. छाती म्हणते अजून पळ, आणि नडगीला त्याच वेळी थांबायचं असतं.

त्या सकाळनंतर माझं अंतर भराभर वाढलं. पळणाऱ्यांच्या ग्रुपवर हाफ मॅरेथॉनची नोंदणी सुरू होती. त्यात कोल्हापुरातून दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स पूर्ण करून आलेल्यांचे फोटो येत होते. १९२१ पासून चालत आलेली, सुमारे ९० किलोमीटरची ती शर्यत आपल्या गावची माणसं बारा तासांच्या आत संपवतात हे वाचून कुणाला हुरूप येणार नाही? रंकाळ्याची सपाट फेरी मला अपुरी वाटू लागली. मग शिवाजी विद्यापीठाचा परिसर. ८५३ एकरांचा तो परिसर, झाडी, मोकळी हवा आणि चढउताराचे रस्ते. अंतर वाढलं, चढ आला आणि बरोबरच्यांच्या नादानं वेगही वाढला. तिन्ही एकदम.

डाव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागलं. सुरुवातीला पळून झाल्यावर, मग पळतानाही. "सवय होईल," असं तिघाचौघांनी सांगितलं. एका दुकानदारानं महागडे बूट हाच उपाय असल्याचं पटवून दिलं. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, आणि हाड ठीक आहे असं समजून मी पुन्हा पळायला गेले. शेवटी जिना उतरताना पाय टेकवेना तेव्हा एमआरआय झाला आणि हाडातली बारीक भेग सापडली. तो पावसाळा घरात गेला.

एक्स-रेची ही गोष्ट प्रत्येक नव्या पळणाऱ्याला ठाऊक असायला हवी. अशी भेग पहिले काही आठवडे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. भरून यायला लागली की मग दिसते. त्यामुळे एक्स-रे चांगला आला याचा अर्थ पळायला मोकळीक मिळाली असा नाही.

हा काही आजकालच्या शहरी माणसांचा नाजूकपणा नव्हे. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं १८५५ मध्येच लांब कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजून दुखतात हे लिहून ठेवलं होतं. तेव्हा कारण कळायला मार्ग नव्हता. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, आणि त्यानंतर ध्यानात आलं की त्या धडधाकट जवानांच्या पायांच्या हाडांना भेगा पडत होत्या. आजही लष्करी प्रशिक्षणात हा त्रास मुख्यतः सुरुवातीच्या आठवड्यांतच दिसतो.

इथं कोणी मला पूर्वीच्या अनवाणी पळणाऱ्यांचा दाखला देतं. तो दाखला मलाही प्रिय आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी मुलं पाहून दोराबजी टाटा थक्क झाले, आणि पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे खेळाडू गेले. आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले तिथल्या मॅरेथॉनमध्ये पळाले. ४२.७५ किलोमीटरचं ते अंतर त्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत संपवलं आणि ते एकोणिसावे आले. पण मला वाटतं, त्या पिढीतल्या मुलांचे पाय लहानपणापासून कामात मैलोन्‌मैल चाललेले होते. शर्यतीची तयारी सुरू होण्याआधीच त्यांची हाडं कित्येक वर्षं घडत आली होती. माझे पाय वीस वर्षं स्कुटीवर आणि खुर्चीत होते. माझा दम दोन महिन्यांत सुधारला तरी हाडांचा तो बॅकलॉग दोन महिन्यांत कसा भरणार?

म्हणून माझं सांगणं असं. ती सकाळ आली की पुढचे तीन आठवडे अंतर आहे तेवढंच ठेवा. सोपं वाटेल, कंटाळाही येईल, तरी ठेवा. नंतर वाढवायचं तेव्हा एका वेळी एकच गोष्ट वाढवा. अंतर वाढवलं तर वेग तोच राहू द्या. विद्यापीठाच्या चढावर जायचं असेल तर त्या आठवड्यात अंतर कमी करा, कारण चढ ही वाढच आहे आणि उतार तर नडगीला आणि गुडघ्याला चढापेक्षाही जड जातो. दर चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवा. सलग दोन दिवस पळू नका, निदान पहिले सहा महिने तरी. जमेल तिथं पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट सोडून मातीवर पळा. आणि वेग घड्याळापेक्षा बोलण्यावरून ठरवा. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

पोटऱ्या मजबूत करणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा सावकाश उचलायच्या, सावकाश खाली न्यायच्या. आधी दोन्ही पायांवर, काही आठवड्यांनी एकेका पायावर. सोबत बैठका. या गावात कुणाला बैठका शिकवायची गरज पडू नये. गंगावेश, मोतीबाग या तालमींत पोरं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली. तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी हजार बैठका मारायला लावत नाही, हळूहळू चढवत नेतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरायच्या आधी किती काळ पोराला नुसतं घडवतात हे ज्याच्या घरात पैलवान आहे त्याला विचारा. पळणाऱ्यांकडे असा वस्ताद बहुतेक वेळा नसतो, नुसता मोबाइलमधला ॲप असतो. तो रोज आणखी पळायला सांगतो आणि तुमच्या नडगीला कधी हात लावून पाहत नाही.

बायकांसाठी मला वेगळं आणि कळकळीनं सांगायचं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी वजन कमी करायचं म्हणून पळायला लागतात आणि त्याच आठवड्यात रात्रीचं जेवण सोडतात. पळणं वाढवायचं आणि खाणं तोडायचं, हे दोन्ही एकदम केलं की शरीर हाडांच्या वाट्याचं वाचवायला लागतं. पाळी लांबू लागली, चुकू लागली तर ती पळण्यामुळे होणारी किरकोळ गोष्ट समजू नका. ती सूचना असते, आणि तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं असतं. हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. भाकरी, उसळ, अंडी, मटण, जे घरात शिजतं ते पोटभर खा. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध मिळणाऱ्या शहरात आपण हाडांना उपाशी ठेवावं हे मला सहन होत नाही.

दुखणं कोणतं साधं आणि कोणतं नाही, हे ओळखता आलं पाहिजे. दोन्ही पोटऱ्या किंवा मांड्या सगळीकडून ठणकत असतील आणि दोन दिवसांत उतरत असेल तर ते स्नायूंचं, काळजी नको. पण एकाच पायात, एका बोटानं दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, तिथं दाबल्यावर कळ येत असेल, पळताना कमी न होता वाढत असेल, त्या पायावर एक उडी मारली तरी दुखत असेल, रात्री अंथरुणात ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद. बाम आणि गोळी घेऊन पळणं सर्वांत घातक, कारण गोळी फक्त कळ दाबते. हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि मी पळते हे स्पष्ट सांगा. वेळेत थांबलं तर काही आठवड्यांत भागतं. परत सुरू करताना आधी नुसतं चालणं, मग दोन मिनिटं पळणं आणि दोन मिनिटं चालणं. माझं तरी त्याच वाटेनं जमलं, आणि आज मी आठवड्यातून तीन दिवस पळते.

मला सगळ्यात जास्त काळजी भरतीच्या मुलामुलींची वाटते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं असतं. अंतर कमी दिसतं, पण त्यातल्या सेकंदासेकंदावर गुण असतात आणि त्या गुणांवर घर उभं राहणार असतं. जाहिरात निघाली की मैदानं एकदम भरतात. महिना-दोन महिन्यांत दम वाढतो, वेळ सुधारते, आणि नेमकी तेव्हाच नडगी दुखायला लागते. पट्टी बांधून, लंगडत पळणारी मुलं मी दर वर्षी बघते. घरी सांगत नाहीत, कारण वयाची मर्यादा जवळ आलेली असते आणि थांबायला सवड नसते. त्यांना धीर धरा असं सांगणं सोपं आहे, त्यांच्या जागी उभं राहणं अवघड.

तरी त्यांच्या आईवडिलांना आणि अकादमी चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. बारावीची परीक्षा संपली की लगेच मुलांना हळूहळू पळायला लावा, जाहिरात निघायची वाट बघू नका. आणि पोरगं पळून आल्यावर वेळ विचारता तशीच त्याची नडगीही एकदा बोटानं दाबून बघा.