बराकींचे शहर

पनवेलहून कल्याण गाठावे. तेथून पुढे उल्हासनगर लागते. आज ते मोठे शहर आहे. पण १९४७ साली तेथे होत्या फक्त लष्कराच्या बराकी.

त्या साली देशाची फाळणी झाली. सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. तेथली हजारो हिंदू कुटुंबे घरदार सोडून मुंबईकडे आली. कित्येकांना सरकारने या बराकींत ठेवले. मध्ये गोणपाटाचा पडदा, झाले घर!

केंद्र सरकारने पुनर्वसनाचे खाते उघडले. शिधा दिला, धंद्याला कर्जे दिली. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा कायदा १९५४ साली झाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वस्तीला उल्हास नदीवरून नाव मिळाले.

कोणी म्हणेल, "आपला पैसा बाहेरच्यांना कशाला?" आम्ही म्हणतो, जरा हिशेब करा. त्या लोकांनी पापड विकले, दुकाने घातली, कारखाने काढले. इतरांनाही काम मिळाले. कराच्या रूपाने पैसा सरकारात परत आला. त्यांची भाषाही टिकली. १९६७ साली सिंधीला घटनेच्या भाषांच्या यादीत जागा मिळाली.

आजही आपल्याकडे वीटभट्टीवर, बांधकामावर दूरची माणसे येतात. आधार जोडलेल्या अन्नसुरक्षेच्या कार्डावर त्यांना इथल्या रेशन दुकानातही धान्य मिळते. पुष्कळांना हे ठाऊक नसते. आपल्याला आता वाचता येते. मग त्यांना सांगायचे कोणी?