डिझेल-पेट्रोलचे दर का वाढतात आणि आपल्या हाती काय आहे?

परभणी जिल्ह्याचे नाव मराठवाड्याबाहेरच्या वर्तमानपत्रांत सहसा दुष्काळामुळे किंवा उन्हाळ्यातील तापमानामुळे येते. सप्टेंबर २०१८ मध्ये मात्र ते वेगळ्याच कारणाने आले. त्या महिन्यात परभणीत पेट्रोल लिटरला ९० रुपयांना टेकले आणि ते मुंबईपेक्षाही महाग होते. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये वरच्या दर्जाच्या पेट्रोलने येथे शंभरी ओलांडली. मे २०२१ मध्ये साध्या पेट्रोलनेही तोच टप्पा गाठला. मुंबईत हा दिवस त्या महिन्याच्या अखेरीस उजाडला. समुद्रकाठी तेल शुद्ध करणाऱ्या मुंबईपेक्षा परभणीत ते महाग का, असा प्रश्न अनेक शेतकरी बंधू विचारतात. त्याचे उत्तर समजले की दरवाढीचे बहुतेक कोडे सुटते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पेट्रोलपेक्षा डिझेल महत्त्वाचे. नांगरटीपासून मळणीपर्यंत आणि माल मोंढ्यात नेईपर्यंत प्रत्येक कामात डिझेल जळते. म्हणून या लेखात उदाहरणे डिझेलची घेतली आहेत.

दर कसा ठरतो?

आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. १९७४ मध्ये मुंबई हायमध्ये तेल सापडले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. पण मागणी त्याहून कितीतरी वेगाने वाढली. कच्चे तेल बॅरलमध्ये मोजतात. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. त्याची किंमत डॉलरमध्ये चुकती करावी लागते.

आता हिशेब करून पाहू. डॉलरचा भाव सोयीसाठी ८५ रुपये धरू. बॅरल १० डॉलरने महागले तर ८५० रुपये वाढले. त्यास १५९ ने भागले की लिटरमागे सुमारे ५ रुपये ३५ पैसे येतात. बॅरलचा भाव मुळीच वाढला नाही, पण रुपया घसरला तरी दर वाढतो. ८० डॉलरच्या बॅरलमध्ये एका लिटरची किंमत साधारण अर्धा डॉलर पडते. म्हणजे डॉलर एका रुपयाने महागला की लिटरमागे पन्नास पैसे वाढले. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले त्याचा चटका ज्यांना आठवत असेल त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आणखी एक बाब फारशी कोणी सांगत नाही. पंपावरचा दर आपल्या कारखान्यात तेल शुद्ध करण्यास किती खर्च आला यावर बेतलेला नसतो. २००६ पासून तेल कंपन्या परदेशी बाजारातील तयार पेट्रोल-डिझेलच्या भावाचा आधार घेतात. त्यात आयातीच्या भावाला ८० टक्के आणि निर्यातीच्या भावाला २० टक्के वजन दिले जाते. त्यामुळे कच्चे तेल स्थिर असले तरी जगात तयार डिझेलची टंचाई झाली की आपल्याकडे भाव चढू शकतो.

जगात कोठे काही बिघडले की हे चक्र फिरते. १९७३ मध्ये अरब-इस्राएल युद्धानंतर काही महिन्यांत बॅरल सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरपर्यंत गेले. १९७९ ची इराणमधील क्रांती, १९९० चे कुवेत प्रकरण आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर केलेला हल्ला ही पुढची उदाहरणे होत.

मनमाड ते परभणी

मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांतून नळवाहिनीने तेल मनमाडजवळच्या पानेवाडी येथील साठवणुकीच्या आगारात येते. दुसरी वाहिनी पुण्याजवळील लोणी मार्गे सोलापूरजवळच्या पाकणीस जाते. नळातून तेल वाहून नेणे सर्वांत स्वस्त. पण नळ संपला की टँकर सुरू होतो. परभणीस मनमाडहून येणारा टँकर सुमारे तीनशे किलोमीटर भरून येतो आणि तितकाच रिकामा परत जातो. ही सर्व वाहतूक आपल्या लिटरमध्ये मिळवली जाते.

त्यात भर म्हणजे वाहतुकीवरही विक्रीकर लागतो. मुंबई पट्ट्याबाहेरील महाराष्ट्रात डिझेलवरील मूल्यवर्धित कर २१ टक्के आणि पेट्रोलवरील २५ टक्के अधिक लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, अशी आकारणी जुलै २०२२ मधील कपातीनंतर राहिली. हा कर तेलाची किंमत, वाहतूक, केंद्राचे उत्पादन शुल्क आणि विक्रेत्याचे कमिशन या सर्वांच्या बेरजेवर बसतो. म्हणजे लांब अंतरामुळे लिटरमागे एक रुपया वाढला तर डिझेल घेणाऱ्याच्या खिशातून १ रुपया २१ पैसे जातात. मुंबई-ठाणे पट्ट्यात कराचा टक्का २०२४ पर्यंत आपल्यापेक्षा जास्तच होता. तरीही परभणीचे पेट्रोल महाग ठरले, यावरून अंतराचा भार लक्षात येईल.

यावर उपाय म्हणजे जवळ आगार. परभणी आणि पूर्णा ही रेल्वेची मोठी जंक्शने आहेत. रेल्वेच्या टाकीडब्यांतून तेल आणून या भागात साठविले तर टँकरचा लांबचा पल्ला वाचेल. परभणी, हिंगोली आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांची मागणी एकत्र धरली तरच असे आगार परवडेल. एका जिल्ह्यासाठी कोणी ते बांधणार नाही, हेही समजून घ्यावे.

बॅरल फुकट, पंप महाग

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगभर गाड्या थांबल्या. २० एप्रिलला अमेरिकेच्या बाजारात तेलाचा वायदेभाव शून्याच्याही खाली गेला. साठवायला जागा नव्हती, म्हणून घेणाऱ्याला वर पैसे देण्याची वेळ आली. आपल्याकडे मात्र पंपावर ती स्वस्ताई उतरली नाही. मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढविले. त्यानंतर डिझेलवरचे एकूण केंद्रीय शुल्क ३२ रुपयांच्या जवळ गेले. पुढे तेल पुन्हा चढले तेव्हा हे वाढीव शुल्क तसेच होते, आणि २०२१ मधील शंभरी त्यातून आली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये डिझेलवरचे शुल्क १० रुपयांनी आणि मे २०२२ मध्ये आणखी ६ रुपयांनी कमी झाले. म्हणजे दर खाली आणणे सरकारच्या हाती असते, हे या दोन कपातींनी दाखवून दिले. पण दुसरी बाजूही पाहावी. या पैशातून रस्ते होतात, सरकारी खर्च चालतो. कर काढून टाका म्हणणे सोपे आहे, पण तो पैसा कोठून भरून काढायचा हे सांगणे अवघड आहे.

एका उपकराकडे मात्र शेतकऱ्यांचे लक्ष असावे. २०२१ च्या अर्थसंकल्पात ‘कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर’ आला. तो पेट्रोलवर लिटरमागे अडीच रुपये व डिझेलवर चार रुपये असा होता. इतर शुल्क तितकेच घटविल्यामुळे त्या दिवशी दर वाढला नाही हे खरे. परंतु शेतीच्या नावाने डिझेलवर वसूल होणारा हा पैसा शेतीत डिझेल जाळणाऱ्याकडूनही घेतला जातो. २०१५ च्या दुष्काळातही राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढविले होते. दुष्काळ निवारणाचा तो भार दुष्काळी भागातल्या ट्रॅक्टरनेही उचलला.

रोज बदलणारा दर

पूर्वी दर सरकार ठरवीत असे आणि तोटा अनुदानातून भरला जाई. पेट्रोल जून २०१० मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी दर बदलण्याची पद्धत आली. कागदावर हा बाजारभाव आहे. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ पासून २१ मार्च २०२२ पर्यंत, पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात, दर हललाच नाही. मग सोळा दिवसांत चौदा वेळा वाढून लिटरमागे दहा रुपये चढले. बाजार वर जाताना दर थोपवून ठेवायचा आणि नंतर एकदम सोडायचा, यात पेरणीपूर्व मशागतीचा हिशेब कोलमडतो. रोज पाच-दहा पैशांचा बदल सोसतो. एकदम दहा रुपयांचा सोसत नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे राज्याचा कर टक्क्यांऐवजी लिटरमागे ठरावीक रुपयांत घ्यावा. टक्केवारीमुळे तेल महागले की कराची रक्कम आपोआप फुगते, आणि वर पाहिलेली ५ रुपये ३५ पैशांची वाढ पंपावर जवळजवळ साडेसहा रुपयांची होते. केंद्राचे शुल्क लिटरमागे ठरावीक आहेच.

वस्तू व सेवा कर हा दुसरा मार्ग सुचविला जातो. घटनेत तशी सोय आहे, मात्र तारीख परिषदेने ठरवायची आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत हा विषय आला आणि वेळ आलेली नाही म्हणून बाजूला पडला. केंद्र व राज्य दोघांचेही उत्पन्न यात गुंतलेले असल्याने यावर फार विसंबून राहू नये.

तिसरी मागणी शेतीच्या डिझेलला करसवलत देण्याची. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी नौकांच्या डिझेलवरील विक्रीकराचा परतावा मिळतो. मग शेतकऱ्यास का नाही? ब्रिटनमध्ये शेतीसाठी लाल रंग घातलेले कमी कराचे डिझेल मिळते. फ्रान्समध्ये जानेवारी २०२४ मध्ये अशीच सवलत कमी होणार म्हणून शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर रस्त्यावर आणले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पण एकाच इंधनाचे दोन भाव झाले की भेसळ येते, हे आपण स्वस्त रॉकेलच्या बाबतीत अनुभवले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ रोखताना जिवंत जाळण्यात आले, तेही पानेवाडीजवळच. म्हणून स्वस्त डिझेलचा वेगळा पंप नको. पिकाखालील क्षेत्रानुसार ठरावीक लिटरचा कर थेट बँक खात्यात परत करणे हाच बरा मार्ग वाटतो.

उसापासूनच्या इथेनॉलविषयीही विचारणा होते. पेट्रोलमधील २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. त्यामुळे तेलाची आयात थोडी वाचते व गोदाकाठच्या ऊस उत्पादकास कारखान्यामार्फत फायदा होऊ शकतो. पंपावरचा दर मात्र यामुळे उतरला नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते आणि ट्रॅक्टरच्या डिझेलशी त्याचा संबंध नाही.

शिवारातील बचत

शासनाच्या निर्णयाची वाट पाहताना आपले लिटर तरी मोजावेत. टाकी काठोकाठ भरून एक एकर नांगरावे व पुन्हा मापाने भरावी. जितके डिझेल लागले तितका त्या कामाचा खर्च. समजा नांगरटीस एकरी १० लिटर लागले आणि डिझेल १० रुपयांनी वाढले, तर इंधनापोटी वाढ शंभर रुपयांची. भाडोत्री ट्रॅक्टरवाल्याने तेवढ्यासाठी एकरी तीनशे रुपये वाढविले तर हा हिशेब समोर ठेवून बोलावे. त्याचे टायर, चालकाची मजुरी, दुरुस्ती हेही महागते, हे मान्य करून बोलावे. डिझेल उतरल्यावर भाडे उतरते असे मात्र सहसा आढळत नाही. म्हणून गावातील चार-पाच जणांनी एकत्र येऊन हंगामाआधीच दर ठरवावा.

दरवर्षी खोल नांगरट करण्याची गरज नसते. कुंदा, हराळी किंवा किडींच्या कोषांचा प्रादुर्भाव नसल्यास तीन वर्षांतून एकदा पुरते. सोयाबीन निघाल्यावर ओल असल्यास हरभऱ्यासाठी वखराची हलकी पाळीही भागते. रुंद वरंबा सरी यंत्राने वाफा, सरी, खत व पेरणी एकाच फेरीत होते. कोळपणीसाठी बैल असतील त्यांनी ते काम बैलांकडेच ठेवावे. लाल कंधारी बैलजोडी या कामास उत्तम आहे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या वापरावरील प्रकल्पात बैलचलित अवजारांवर काम झालेले आहे.

ट्रॅक्टर चालविताना शेताच्या लांबीच्या दिशेने तास घ्यावेत. वळणे कमी होतात. बांधावर गप्पा मारताना इंजिन चालू ठेवू नये, तासाला लिटरभर डिझेल असेच जाते. काळा धूर दिसला तर एअर क्लीनर व नोझल तपासावे. धूर म्हणजे न जळलेले डिझेल. सेकंदाला एक थेंब सतत गळत राहिला तर वर्षात सुमारे दोन हजार लिटर वाया जातात, म्हणून नळीच्या सांध्यावरची ओल दुर्लक्षू नये.

विहिरीवर अजून डिझेल इंजिन असेल तर फुटव्हॉल्व्ह मोठ्या छिद्रांचा बसवावा, पाइपची वळणे कमी करावीत व पंप पाण्याच्या जवळ ठेवावा. सौर पंपासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही राज्याची योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्यास दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास पाच टक्के हिस्सा भरावा लागतो असे ठरले. अर्ज करताना सातबारावर पाण्याच्या स्रोताची नोंद आहे की नाही हे आधी पाहावे; नसेल तर ती तलाठ्याकडून करून घ्यावी.

पंपावर कॅनमध्ये डिझेल घेताना मापाची शंका आल्यास वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप मागावे. ते पंपावर ठेवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितले तर त्यात मोजून दाखवावे लागते.