काचेआडचा शेजारी



एका पहिल्या शुक्रवारी मी गाडीने आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला निघालो होतो. आळीच्या अरुंद रस्त्यावर पुढे एक स्कूटर अगदी सावकाश चालली होती. मला उशीर होत होता. मी दोन-तीनदा हॉर्न वाजवला आणि मनातल्या मनात त्या माणसाला नाही नाही ते बोललो. त्याने मागे वळून पाहिले. आपल्याच धर्मग्रामातील गृहस्थ! त्यांनी हसून हात जोडले व स्कूटर बाजूला घेतली. मला लाज वाटली. ख्रिस्तशरीर माझ्या छातीशी होते आणि मनात शिव्या होत्या. पण त्याहून बोचरा प्रश्न नंतर पडला: ते अनोळखी असते, तर मला लाज वाटली असती का?

चालताना कुणाला धक्का लागला तर आपण चटकन 'माफ करा' म्हणतो. तेच आपण गाडीत बसलो की बदलतो. काच वर असते. समोरच्याचे डोळे दिसत नाहीत, आपला आवाज त्याला ऐकू जात नाही. माणूस नाहीसा होतो आणि वाहन तेवढे उरते. म्हणूनच आपण 'ए रिक्षा!' अशी हाक मारतो. तो मध्येच घुसला तर तो उद्धट. आपण घुसलो तर आपल्याला घाई असते. तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी 1923 साली मांडले होते की समोरच्याला आपण 'तू' मानतो किंवा नुसते 'ते', म्हणजे एक वस्तू. रस्त्यावर आपण किती जणांचे 'ते' करून टाकतो!

प्रभू येशूचा दयाळू शोमरोन्याचा दाखलाही रस्त्यावरच घडतो (लूक 10:25-37). याजकाने जखमी माणसाला पाहिले आणि तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. हे वाचताना मी स्वतःला वगळू शकत नाही. शोमरोनी मात्र जवळ गेला. त्याच्याकडेही वाहन होते. त्यावर त्याने त्या परक्या माणसाला बसवले. आपले वाहन त्याने परक्याच्या सेवेला लावले.

2007 साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी 'दहा आज्ञा' प्रसिद्ध केल्या. पहिली आज्ञा मोशेला मिळालेलीच आहे: खून करू नकोस. गाडी सत्ता गाजवण्याचे साधन होऊ नये, रस्त्यावरील दुर्बलांना जपावे, अपघातग्रस्तांना मदत करावी, असेही त्यांत सांगितले आहे. 'पोलिसांचे लचांड मागे लागेल' ही आपली जुनी सबब. पण जखमींना मदत करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली संरक्षण दिले आणि 2019 च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आले.

आज मिस्सा संपल्यावर आपली पहिली परीक्षा चर्चच्या फाटकातच आहे. ज्या जिभेने 'आमेन' म्हटले, तिनेच तिथे कुणाला शिवी घालायची का?

या आठवड्यासाठी:
1. गाडी सुरू करण्यापूर्वी क्रुसाची खूण करू या.
2. रोज एका अनोळखी माणसाला आधी वाट देऊ या, विशेषतः पायी चालणाऱ्याला.
3. राग आलाच, तर त्या माणसासाठी 'नमो मारिया' म्हणू या.
4. पापनिवेदनाला जाताना विचारू या: रस्त्यावर मी कुणाचा अपमान केला?

प्रभू आपल्या प्रवासात सोबत राहो.

आपला प्रभुसेवक,
प्रमुख धर्मगुरू