पाळलेल्या पाली आणि पाळण्यातले बाळ

बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या हमरस्त्यापासून जांबोटीचा रस्ता जेथे फुटतो, त्या पिरनवाडीच्या नाक्याजवळ राहणाऱ्या एका भगिनींचे चार पानी पत्र गेल्या पंधरवड्यात माझ्याकडे आले. ते प्रथम वाचताना मला हसू आले आणि दुसऱ्यांदा वाचताना ते मावळले. म्हणून नावनिशी वगळून त्या पत्राची हकीकत आणि तिच्यावरील माझा सल्ला आज या सदरातून देत आहे.

बाईंचे चिरंजीव उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करतात. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नसलेल्या या मुलाने गेल्या तीन वर्षांत पगारातून उरेल त्या पैशातून काचेच्या पेट्या, दिवे आणि वाळू आणून आपल्या खोलीत सात जिवांचा परिवार जमविला आहे: ज्यांना तो लेपर्ड गेको म्हणतो त्या ठिपकेदार बिबट्या पाली चार, ऑस्ट्रेलियाकडचे दाढीवाले सरडे दोन आणि हिरवा इग्वाना एक. घरच्यांनी आजवर हा छंद सोसला. परंतु आता बाईंची कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची असून, विहीणबाईंनी "त्या पाली घरात आहेत तोवर आमची सून तुमचा उंबरठा ओलांडणार नाही" असा निर्वाणीचा निरोप धाडला आहे. चिरंजीवांची कैफियत अशी की, हे प्राणी विषारी नाहीत, ते कोणाच्या वाटेला जात नाहीत, तेव्हा त्यांना हद्दपार करण्याचे कारण काय? घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीबाई आहेत; त्यांना मधुमेह आहे, अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू आहे, आणि त्यांची तक्रार या सर्वांहून निराळी आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन.

चिरंजीवांचे विधान खरे आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. विहीणबाईंनी धरलेले कारण चुकीचे असावे, परंतु त्यांचा निरोप मात्र योग्य आहे. एवढे सांगून मी सुटलो असतो, तर हे सदर लिहिण्याचे प्रयोजनच उरले नसते.

पालीविषयी आपल्या मनात असलेली किळस पुष्कळ जुनी आहे आणि ती आपल्याला नीट विचार करू देत नाही. या सीमाभागात डॉक्टरीचा व्यवसाय सुरू केला तेव्हा एका कानडी शेजारणीने मला "मन्याग हल्ली भाळ आग्याव्री" असे काकुळतीने सांगितले होते, आणि कानडीत पालीला 'हल्ली' म्हणतात हे ठाऊक नसल्यामुळे, हल्ली यांच्या घरात असे काय फार झाले असावे, या विवंचनेत मी तिची नाडी बराच वेळ धरून बसलो होतो. किळस आहे, तसे कौतुकही आहे. निपाणीपलीकडच्या सेनापती कापशीपासून मुधोळपर्यंत ज्यांचा दबदबा होता त्या घोरपडे घराण्याचे आडनावच, घोरपडीच्या साह्याने गडाचा कडा चढल्याच्या आख्यायिकेवरून पडले असे सांगतात. परंतु घोरपडीचे कौतुक गडाच्या तटावर, आणि पाल मात्र दुधाच्या पातेल्यात. त्यामुळे दवाखान्यात आमच्या वाट्याला येते ती पाल.

दुधात पाल पडली म्हणून पोराला मिठाचे पाणी पाजून ओकाऱ्या काढावयास लावणारे आईबाप मी दरवर्षी पाहतो. आपल्या घरातील पाल, परसातील सरडा आणि जिला 'सापाची मावशी' म्हणून झोडपतात ती सापसुरळी, यांपैकी एकीच्याही अंगी माणसाला मारणारे विष नाही. ते दूध अवश्य ओतून द्यावे, कारण त्यात जंतू उतरलेले असू शकतात. पण मिठाचे पाणी मुळीच पाजू नये. त्या मिठाने लहान मुलाच्या रक्तातील क्षार एकाएकी वाढून झटके येऊ शकतात, म्हणजे पालीने न केलेला अपराध आपण आपल्या हाताने करतो.

खरा प्रश्न विषाचा नसून जंतूचा आहे. पाल, सरडा, कासव, साप अशा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू सुखाने नांदतात. १८८५ साली थिओबाल्ड स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने डुकरांमध्ये हा जंतू शोधला, आणि त्याला नाव मिळाले ते त्याचे वरिष्ठ पशुवैद्य डॅनियल सॅल्मन यांचे; शोध कनिष्ठाचा आणि नाव साहेबाचे, हा शिरस्ता कचेरीत हयात घालविलेल्या माझ्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. विषमज्वराचा जंतू याच कुळातला असला तरी तो आजार माणसाकडूनच माणसाला होतो, पालीकडून नव्हे. म्हणून घरात पाली आहेत एवढ्यावरून विडाल चाचणी करून घेण्यासाठी धावू नये.

या जंतूची लबाडी अशी की तो ज्या प्राण्याच्या पोटात असतो त्याला आजारी पाडत नाही. पाल तुकतुकीत दिसते, भरपूर खाते, आणि विष्ठेतून अधूनमधून जंतू टाकीत राहते. तिच्या विष्ठेची एकदा तपासणी केली आणि जंतू सापडले नाहीत, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण त्या दिवशी ते पडले नसतील इतकेच. पालीला प्रतिजैविक पाजून हे जंतू कायमचे जात नाहीत. उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. विष्ठेतून ते तिच्या कातडीवर, पेटीच्या काचेवर, वाळूत आणि पाण्याच्या वाटीत जातात, कोरड्या जागीही दीर्घकाळ तग धरतात, आणि पाळणाऱ्याच्या हातावरून व सदऱ्यावरून घरभर हिंडतात. म्हणूनच बाळाने पालीला कधी स्पर्श केला नाही, हा बचाव वैद्यकाच्या दप्तरी टिकत नाही. मामाने पेटी साफ केली, हात पाण्याखाली नुसते धरले, भाचीला उचलून घेतले आणि तिने मामाचे बोट तोंडात घातले, एवढे पुरे होते.

अमेरिकेत लहान मुले इवलीशी कासवे तोंडात घालीत, म्हणून १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर तेथील सरकारला बंदी घालावी लागली. २०१२ पासूनच्या दोन-अडीच वर्षांत त्याच देशात, आपल्या पिरनवाडीच्या चिरंजीवांपाशी आहेत तशाच दाढीवाल्या सरड्यांमुळे दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पाच वर्षे व त्याखालील मुले होती.

धडधाकट माणसाला या जंतूने होते ते बहुधा एवढेच: संसर्गानंतर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हातरी ताप, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात आणि चार ते सात दिवसांत आपोआप ओसरतात. तेव्हा प्रतिजैविकाच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणू नयेत. त्यांची सर्वांनाच आवश्यकता नसते, आणि कित्येकदा त्यांच्यामुळे जंतू आतड्यात अधिक काळ ठाण मांडून बसतात. जलसंजीवनीची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पुरी मिसळावी, अर्धी आज आणि अर्धी उद्या असे करू नये, आणि ते पाणी घोट घोट देत राहावे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या मिश्रणाने असंख्य जीव वाचविले. तरीही सलाईन लावल्याखेरीज इलाज झाला असे न मानणारे रुग्ण मला आजही भेटतात.

परंतु तान्ह्या बाळाच्या, वृद्धाच्या, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या अथवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या शरीरात हाच जंतू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरू शकतो, आणि बाळाच्या बाबतीत मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. आजीबाईंची रोजची गोळीही येथे विचारात घेतली पाहिजे, कारण जठरातील आम्ल हा या जंतूच्या वाटेवरचा पहिला पहारेकरी, आणि गोळीने तोच निजलेला असतो. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, ते दूध ओढीनासे झाले, मलूल पडले, टाळू फुगली, झटका आला किंवा शौचातून रक्त दिसले, तर बुटीचे पाणी, अंगारा अथवा सकाळची वाट यांत वेळ न दवडता तडक बेळगावला मोठ्या इस्पितळात न्यावे, आणि तेथील डॉक्टरांना घरात पाली पाळलेल्या आहेत हे न लाजता सांगावे. लोक ही बाब लपवितात. पण ती कळली तर रक्ताची व शौचाची तपासणी योग्य दिशेने होते आणि औषधही नेमके निवडता येते.

तेव्हा माझा निर्णय असा. पाच वर्षांखालील मूल, वृद्ध वा दुर्बल माणूस ज्या घरात आहे तेथे सरपटणारे प्राणी पाळू नयेत, असाच वैद्यकाचा सर्वसाधारण संकेत आहे. त्यानुसार कन्या माहेरी येण्याच्या निदान आठ दिवस आधी सगळ्या पेट्या, ज्याच्या घरी लहान मूल नाही अशा एखाद्या छंदिष्ट मित्राकडे मुक्कामाला पाठवाव्यात, खोली साबणाने धुऊन मग जंतुनाशकाने पुसावी (मळ आधी काढला नाही तर जंतुनाशक वाया जाते), आणि बाळ-बाळंतीण सासरी जाईपर्यंत पेट्या परत आणू नयेत. खरे तर त्या संकेताप्रमाणे नंतरही त्या परत न आणणेच बरे, कारण आजीबाई घरात आहेतच. आणल्याच, तर पेट्या ज्या खोलीत राहतील तिला शक्य तर स्वतंत्र दार व स्वतंत्र नळ असावा. चिरंजीवांना हा निकाल कठोर वाटेल. त्यांनी ध्यानात घ्यावे की बिबट्या पाल पिंजऱ्यात पंधरा-वीस वर्षे जगते. म्हणजे आज भाचीच्या बारशाला अडचण ठरलेली पाल उद्या त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या बोलाचालीतही हजर राहणार आहे, आणि घरातील माणसांशी तह करण्याची सवय त्यांनी आतापासूनच लावून घेतलेली बरी.

ज्यांच्या घरी तान्हे नाही, वृद्ध नाही, आणि असा छंद आहे, त्यांच्यासाठी थोडे अधिक. पाल हाताळल्यावर, नव्हे पेटीला नुसता हात लागला तरी, साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. पाण्याच्या वाट्या व पेट्या स्वयंपाकघरात किंवा भांडी घासावयाच्या मोरीत कदापि धुऊ नयेत. त्यांची बादली व घासणी निराळी ठेवावी, आणि ते पाणी परसातल्या कोथिंबिरीच्या वाफ्यात ओतू नये. कुरिअरने येणाऱ्या अळ्यांचे व रातकिड्यांचे डबे फ्रीजमध्ये दह्याशेजारी ठेवणारी एक गृहिणी माझ्या पाहण्यात आहे. तिच्या सोशिकतेला नमस्कार असो, पण तो डबा तेथून हलविलाच पाहिजे. त्या किड्यांच्या कोंड्याची धूळ दमेकऱ्याला त्रास देते, हेही लक्षात असू द्यावे. बेळगावच्या पावसाळी गारठ्यात या उष्ण प्रदेशातील प्राण्यांना दिव्याची ऊब द्यावी लागते. तो दिवा पडद्यापासून व अंथरुणापासून दूर, घट्ट बसविलेला असावा, आणि अतिनील किरणांच्या नळीकडे मुलांनी टक लावून पाहू नये. पालीने चावा घेतला किंवा इग्वानाने शेपटीने ओरखडा काढला, तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लसीसाठी दवाखान्यात यावे. कुत्र्याच्या चाव्यासारखी रेबीजची लस मागू नये. तो रोग सस्तन प्राण्यांचा आहे, सरड्याला तो होत नाही.

कायद्याची बाबही थोडक्यात. रानातली घोरपड धरून पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये गंभीर गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांपैकी इग्वानासारख्या आंतरराष्ट्रीय करारातील जातींची नोंद, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर, सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर अर्ज करून करावी लागते. चिरंजीवांनी आपला नोंदणीचा दाखला तपासून पाहावा.

राहता राहिल्या आजीबाई. त्यांना जंतूंची भीती नाही, कायद्याची तर नाहीच. नातवाची पाल भिंतीवर चढून नेमकी त्यांच्या उजव्या खांद्यावर पडली, तर पंचांगातील पल्लीपतनाच्या कोष्टकात त्याचे फळ काय लिहिले आहे, एवढेच त्यांना हवे आहे. आजीबाई, आपल्या भिंतीवरच्या पालीच्या बोटांना जी चिकटणारी गादी असते, ती या बिबट्या पालीला नाही. तिला पापण्या आहेत, ती डोळे मिटून झोपते, पण गुळगुळीत भिंतीवर तिला वीतभरही चढता येत नाही; आणि जी चढतच नाही ती पडणार कोठून? कोष्टक उघडण्याचे कारण नाही. नातवाने ती आपल्या हातावर घेऊन दाखविली, तर लांबूनच पाहावी, आणि त्याला आधी हात धुऊन मग पाणी आणावयास सांगावे.