‘व्ही’ आकाराची गिटार, ८५ हजार रुपये आणि एक मेजर टेप

मागच्या व्हिडिओत आपण जुना माल घेऊन धंदा कसा सुरू करायचा यावर बोललो. तो पाहून तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्याहून एका तरुणाने मला सात फोटो पाठवले. लग्नाकार्यांना साउंड सिस्टीम भाड्याने देतो. आता वाद्यंही ठेवायची आहेत, कारण दिवाळीनंतर आपल्याकडे झाडीपट्टी नाटकांचा हंगाम लागतो, ऑर्केस्ट्रा असतात, आणि वाद्यं ऐनवेळी नागपूरहून मागवावी लागतात. कल्पना चांगली आहे.

फोटोत होती एक काळी इलेक्ट्रिक गिटार, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी. हेडस्टॉकवर ‘गिब्सन’ लिहिलेलं. विकणाऱ्याचं म्हणणं, “१९५८ ची आहे भाऊ, जगात शंभर पण नाहीत. तुमच्यासाठी ८५ हजार.” आणि आपल्या मित्राचा प्रश्न, “सर, घेऊ का?”

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. म्हटलं, आधी मेजर टेप आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बस.

आता बघा, विकणारा सगळंच खोटं बोलत नव्हता. आणि फसवणूक अशीच होते, अर्ध्या खऱ्या गोष्टीतून. अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने ‘फ्लाइंग व्ही’ नावाची गिटार १९५८ मध्ये खरंच बाजारात आणली. तेव्हा कंपनीचे प्रमुख होते टेड मॅकार्टी. गिब्सन म्हणजे जुन्या वळणाची कंपनी असं लोक म्हणायला लागले होते, म्हणून त्यांनी विमान-रॉकेटच्या जमान्याला शोभेल असा घाट काढला आणि त्याचं डिझाइन पेटंटही घेतलं. पण माल उठला नाही. १९५८ आणि १९५९ मिळून शंभरच्या आतच गिटारी कारखान्याबाहेर गेल्या. लॉनी मॅक, अल्बर्ट किंग अशा काही वादकांनी ती वाजवली, बाकी गिऱ्हाईक लांबच राहिलं. पुढे १९६७ च्या सुमारास कंपनीने ती बदल करून पुन्हा काढली, जिमी हेंड्रिक्सच्या हातात दिसली, आणि मग घाट गाजला. पहिल्या दोन वर्षांतली अस्सल गिटार आज लाखाहून जास्त डॉलरला जाते. म्हणजे आपल्या रुपयात कोटीच्या घरात! अशी वस्तू कोणी ८५ हजारात का देईल, हा पहिला प्रश्न. पण नुसत्या संशयावर सौदा सोडायचाही नसतो. विकणाऱ्यालाच माहीत नसेल तर? म्हणून तपासायचं.

मी त्याला पहिल्यांदा हेडस्टॉक बघायला सांगितला, म्हणजे मानेचं टोक, जिथे तारा पिळायच्या चाव्या असतात. १९५८ च्या फ्लाइंग व्हीचा हेडस्टॉक बाणाच्या टोकासारखा, तीन चाव्या इकडे, तीन तिकडे. याच्या फोटोत सहाच्या सहा चाव्या एका ओळीत आणि टोक भाल्यासारखं. खरं तर गोष्ट इथेच संपली होती. पण मी त्याला थांबू दिलं नाही, कारण “गिब्सन नाही” एवढं कळून किंमत ठरत नाही. मग आहे काय, ते कळायला हवं.

मग टेप. मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, म्हणजे नट. तिथून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजायचं आणि दुप्पट करायचं. याला स्केल म्हणतात. फ्लाइंग व्हीचं स्केल पावणेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६२८ मिलिमीटर. याचं भरलं ६४८, म्हणजे साडेपंचवीस इंच. रंग बदलता येतो, नाव चिकटवता येतं, पण स्केल बदलायचं तर अख्खी मान बदलावी लागते.

तिसरी गोष्ट मागच्या बाजूला. मान धडाला कशी जोडली आहे? गिब्सनने ती सरसाने बसवली होती, मागे स्क्रू नाहीत. इथे चार स्क्रू आणि लोखंडी पट्टी. तारांचंही बघा. १९५८ च्या गिटारीत तारा धडाच्या आरपार जातात आणि समोर व्ही आकाराची धातूची पट्टी असते. शिवाय बसून वाजवताना मांडीवरून घसरू नये म्हणून खालच्या कडेला रबराची पट्टी. इथे दोन्ही नाही.

मग नॉबच्या मागचं झाकण उघडलं. आत व्हॉल्यूमचे जे गोल भाग असतात त्यांना पॉट म्हणतात, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा. जुन्या अमेरिकन पॉटवर आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, पुढचे वर्षाचे आणि आठवड्याचे. उदाहरणार्थ १३७ ६७ १२ असेल तर सीटीएस कंपनी, १९६७ साल, बारावा आठवडा. पॉट १९६७ चा असेल तर गिटार १९५८ ची आहे म्हणणाऱ्याने पॉट कधी बदलला ते सांगायला हवं. आपल्या मित्राच्या गिटारीत नखाएवढे छोटे पॉट निघाले, असे पुढच्या काळातल्या स्वस्त आशियाई मालात सर्रास सापडतात.

आता सगळ्यात मजेदार भाग. फोटोत व्हीचे दोन पंख सारखे नव्हते. वरचा लांब, खालचा आखूड. विकणारा म्हणाला, “म्हणून तर रेअर!” या आखूड पंखाचा इतिहास मात्र पक्का माहीत आहे. ऑझी ऑस्बर्नबरोबर वाजवणारा रँडी ऱ्होड्स १९८० च्या शेवटी ग्रोव्हर जॅक्सनकडे गेला आणि दोघांनी मिळून तिरका व्ही आखला. जॅक्सनचा धंदा तेव्हा ‘शार्वेल’ नावाने चालायचा. हा घाट फारच वेगळा, चालेल की नाही कोण जाणे, म्हणून त्याने गिटारीवर स्वतःचं आडनाव घातलं. त्यातूनच ‘जॅक्सन’ हा ब्रँड उभा राहिला. पहिली पांढरी गिटार तयार झाली, पण ती बघून लोकांना फ्लाइंग व्हीच वाटायची. ऱ्होड्सला ते खटकलं. म्हणून पुढच्या काळ्या गिटारीत फरक ठळक केला, खालचा पंख आणखी आखूड. १९८२ मध्ये विमान अपघातात तो गेला, पण घाट राहिला.

म्हणजे सिहोऱ्यातल्या गिटारीचा घाट १९८० च्या आधीचा असूच शकत नाही. जो फरक “ही फ्लाइंग व्ही नाही” हे दाखवायला केला होता, तोच इथे “दुर्मिळ फ्लाइंग व्ही” म्हणून विकला जात होता! निष्कर्ष असा, की घाट जॅक्सन ऱ्होड्सचा, बांधणी स्वस्त, बनवणारा अज्ञात, आणि गिब्सन हे नाव मागाहून कोणीतरी चिकटवलेलं. नख लावलं तर कड उचलत होती.

इथे काही जण विचारतील, दुसऱ्याचा घाट वापरून गिटार बनवणं चालतं का? गिब्सनने २०१० मध्ये युरोपात व्ही आकार हाच ट्रेडमार्क म्हणून मागितला होता. प्रकरण युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टापर्यंत गेलं आणि जून २०१९ मध्ये कंपनी हरली. १९५८ मध्ये आकार नवा होता हे मान्य, पण २०१० पर्यंत बाजारात इतके आकार झाले होते की नुसता व्ही बघून गिऱ्हाईक एकाच कंपनीचं नाव घेईल असं उरलं नव्हतं. अमेरिकेत डीन गिटार बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध २०२२ मध्ये ज्युरीने गिब्सनच्या बाजूने कौल दिला, तर २०२४ मध्ये अपील कोर्टाने खटला पुन्हा चालवायला सांगितलं. इतरांनी हा आकार कित्येक वर्षं वापरल्याचा पुरावा आधी विचारातच घेतला नव्हता, म्हणून.

तुम्ही स्वतः काही नवा घाट काढला असेल, खुर्ची असो, दिवा असो, कोशाच्या पिशवीचा कट असो, तर आपल्याकडे डिझाइन कायदा २००० आहे. नोंदणी दहा वर्षांची, पुढे पाच वर्षं वाढते. अट एकच मोठी, घाट आधी कुठे प्रसिद्ध झालेला नको. म्हणजे आधी अर्ज, मग इन्स्टाग्राम. उलटं केलंत तर तुमचाच फोटो तुमच्याविरुद्ध पुरावा होतो. परंपरेने चालत आलेल्या गोष्टीला मात्र ही वाट नाही, तिथे भौगोलिक मानांकन लागतं. आपल्या भागातली करवतकाठी साडी त्या यादीत आहे आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये ते मिळालं. तिथे हक्क कोणा एका दुकानाचा नसतो, त्या भागातल्या कारागिरांचा असतो.

नाव चिकटवण्याचा विषय मात्र वेगळा आणि कडक आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०४ मध्ये खोटं नाव लावलेला माल विकणंच नाही, तर भाड्याने देणंही येतं. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. “मी चिकटवलं नाही, मी फक्त भाड्याने देतो” म्हटल्याने आपोआप सुटका होत नाही, काळजी घेतली होती हे तुम्हालाच दाखवावं लागतं. आणि आपला मित्र तर भाड्यानेच देणार होता.

मग हिशेब केला. रात्रीला ५०० रुपये भाडं, हंगामात चाळीस रात्री धरल्या तर २० हजार. तारा, दुरुस्ती, ने-आण वजा जाता ८५ हजार वसूल व्हायला पाच वर्षं, तेही काही मोडलं नाही तर. साध्या चालू गिटारीच्या भावात घेतली तर एका हंगामात सुटते, वर स्टेजवर दिसायला झकास. त्याने मोजमापाचे फोटो विकणाऱ्यासमोर ठेवले. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. विकणारा आधी रागावला, दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. सौदा १४ हजारात झाला.

स्टिकर विकणाऱ्याकडूनच काढून घेतलं. पावतीवर लिहिलंय, “इलेक्ट्रिक गिटार, तिरका व्ही घाट, निर्माता अज्ञात, स्केल ६४८ मिमी, जुनी, चालू स्थितीत.”