पावसाळ्यातील होडीची निगा
(परिसर अभ्यास : इयत्ता तिसरी व चौथी)

जूनच्या मध्यास किनाऱ्यावरील शाळा उघडतात, तेव्हा गावच्या खाडीतील वर्दळ थांबलेली असते. होड्या वर ओढून माडांच्या आडोशाला अथवा घराच्या अंगणात झापांखाली ठेवलेल्या दिसतात. होडी शाकारण्याच्या या कामास सुट्टीतच मुलांचे हात लागलेले असतात. कोणी दोर ओढलेला असतो, कोणी झाप विणणाऱ्या आजीस झावळ्या पुरविलेल्या असतात. ज्या विषयाचा पाठ द्यावयाचा, तो काही मुलांच्या हातांना आधीच ठाऊक असतो. त्या ज्ञानास कारणांची जोड देणे, हे शिक्षकाचे काम होय.

पाठाचा उद्देश : लाकूड, पाणी व हवा यांचा परस्परसंबंध मुलांस प्रत्यक्ष वस्तूवरून समजावा, तसेच गावच्या व्यवसायाविषयी त्यांच्या मनात आदर उत्पन्न व्हावा.

प्रारंभ : “होडीचे अधिक नुकसान कशाने होते, समुद्राच्या पाण्याने की पावसाच्या?” असा प्रश्न वर्गास विचारावा. बहुतेक मुले समुद्राचे नाव घेतील. उत्तर लगेच चूक ठरवू नये. फळ्यावर दोन रकाने आखून पुढील विवेचन प्रश्नोत्तरांनी करावे.

समुद्राचे पाणी : खाऱ्या पाण्यात सतत राहिलेल्या लाकडास एक कृमीसारखा दिसणारा प्राणी पोखरतो. तो खरोखर कृमी नव्हे, तर शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे. वरून फळी धड दिसते, आत मात्र तिची चाळण झालेली असते. शिवाय कठीण कवचाचे बारीक प्राणी व शेवाळ तळाला चिकटून होडी जड होते. होडी वर काढताच तळ खरवडून, धुऊन, उन्हात वाळवितात, त्याचे कारण हेच.

पावसाचे पाणी : लाकूड कुजते ते बुरशीमुळे. बुरशीस ओलावा व हवा दोन्ही लागतात. खारटपणा बुरशीस मानवत नाही. पावसाचे गोडे पाणी मात्र मानवते. म्हणून होडीत साचून राहिलेले पावसाचे पाणी लाकडाचा मोठा शत्रू ठरते. याच ओलाव्याने लोखंडी खिळे गंजतात. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो व त्यामुळे खिळ्याभोवतीचे लाकूड चिरते.

येथे गणिताचा एक प्रश्न घालावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी साचते. होडी ६ मीटर लांब व सरासरी दीड मीटर रुंद धरल्यास तिचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर होते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर उघड्या होडीत ९०० लिटर, म्हणजे ९०० किलोग्रॅम वजनाचे पाणी भरेल. कोकणात असे दिवस पावसाळ्यात अनेकदा येतात. एवढा भार फळ्यांचे सांधे उकलण्यास पुरेसा आहे.

निगेची रीत : मुलांस जवळच्या होडीपाशी नेऊन पुढील गोष्टी दाखवाव्यात.

१. होडी वाळूवर टेकलेली नसते. तळाच्या कण्याखाली ठिकठिकाणी लाकडी ठोकळे असतात. दोनच टोकांना आधार दिला, तर होडी मधोमध वाकते.

२. एक टोक किंचित उंच असते व तळाच्या भोकाचे बूच काढलेले असते. आत आलेले पाणी आपोआप वाहून जाते.

३. झापांचे छप्पर उतरते असते. परंतु दोन्ही टोके मोकळी असतात. वारा खेळता राहिला तरच लाकूड कोरडे राहते. हल्ली प्लास्टिकचे कापड वापरतात. ते होडीस घट्ट गुंडाळल्यास आतील वाफ कोंडते व ज्या कुजण्यापासून रक्षण करावयाचे, तेच ओढवते.

४. लाकडास माशाचे अथवा काजूच्या टरफलांचे तेल दिलेले असते. काजूच्या तेलाने कातडीस फोड येतात. मुलांनी त्यास हात लावू नये, अशी स्पष्ट सूचना द्यावी.

५. यंत्र असल्यास ते गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या जागी ठेवतात.

होडीच्या प्रत्येक भागास गावात जो शब्द आहे, तोच फळ्यावर लिहावा.

वेळेचे महत्त्व : महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंदी असते. हा काळ माशांच्या प्रजननाचा व खवळलेल्या समुद्राचा आहे. तथापि वादळ तारखेची वाट पाहत नाही. २०२१ साली मे महिन्याच्या मध्यासच तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले. त्यापूर्वी २०२० साली ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. होडी वेळेवर वर काढणे म्हणजे काय, हे या दोन वर्षांनी किनाऱ्यास शिकविले.

भूगोलाशी सांगड : थंड देशांत होड्या हिवाळ्यात वर काढतात, कारण तेथे पाणी गोठते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते. यंत्रात राहिलेले पाणी गोठून यंत्र फुटते. ऋतू निराळा, शत्रू मात्र तोच, साचलेले पाणी.

उपक्रम : लाकडाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक ओल्या मातीत अर्धा पुरावा, दुसरा वळचणीखाली कोरडा टांगावा. दर शनिवारी दोहोंची नोंद वहीत करावी. नारळी पौर्णिमेच्या सुमारास दोन्ही तुकडे शेजारी ठेवून फरक पाहावा.

एखाद्या वयोवृद्ध मच्छीमारास शाळेत बोलवावे, त्यांस खुर्ची द्यावी व मुलांनी त्यांस प्रश्न विचारावेत. सांध्यांत कापूस का भरतात, पाण्यात उतरविल्यावर फळ्या फुगून सांधे घट्ट कसे होतात, हे ते उत्तम सांगतील.

शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. या दोन महिन्यांत अनेक मच्छीमार घरांची मिळकत थांबलेली असते आणि पुढील वर्षाची सारी आशा त्या झापांखालील होडीवर असते. एका साचलेल्या डबक्याने घरावर कर्ज येऊ शकते. वाचनात मागे पडणारा मुलगा या पाठात कदाचित सर्वांच्या पुढे असेल. त्यास त्या दिवशी वर्गासमोर उभे करून बोलू द्यावे. आपल्या बाबांचे काम शाळेत शिकविण्याजोगे आहे, हे त्यास कळले, तर तो पुस्तकाकडेही निराळ्या डोळ्यांनी पाहू लागेल.